टोनी बेनेटचा आवाज ९५व्या वर्षापर्यंत कसा टिकला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकन गायक टोनी बेनेट न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये गायला. तेव्हा तो ९५ वर्षांचा होता आणि त्याला अल्झायमर झालेला होता. हे जमलं कसं? आणि तुम्ही स्वतः पन्नाशी ओलांडलेले, भावगीतं गाणारे. आयोजक दर कार्यक्रमाला ‘काहीतरी उडतं, नवीन घ्या’ म्हणून मागे लागतात. मग तुम्हाला त्याच्याकडून काय घेता येईल?

मी सुगम संगीत शिकवते आणि बिघडलेले आवाज मार्गावर आणणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून गाणाऱ्याच्या बाजूने उत्तर देते. बेनेटचा रियाज पक्का होता, हे खरं. पण त्याचा आवाज टिकण्याचं मोठं कारण मला त्याच्या गाण्यांच्या निवडीत दिसतं. न पटलेलं गाणं तो गात नसे, आणि दडपणाखाली एकदा गायला तेव्हा त्याचं अंगच त्याच्याविरुद्ध उठलं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा आवाज रियाज कमी पडल्यामुळे बसलेला नसतो. मनाला आणि पट्टीला न पेलणारी गाणी टाळ्यांसाठी वर्षानुवर्षं रेटल्यामुळे तो बसलेला असतो.

त्याचं खरं नाव अँथनी डॉमिनिक बेनेडेटो. ३ ऑगस्ट १९२६ ला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जन्म, अॅस्टोरियाच्या इटालियन वस्तीत बालपण. वडील दक्षिण इटलीतल्या कलाब्रियाहून आलेले, वाणसामानाचा धंदा करायचे. ते कायम आजारी असत आणि टोनी दहा वर्षांचा असताना गेले. आई शिवणकाम करून तीन मुलं वाढवत होती. ती रात्री घरीही कपडे शिवायला आणायची आणि मजुरी मिळायची ती नगावर. टोनी ही आठवण आयुष्यभर सांगत असे: ती यंत्रावर बसलेली असायची आणि मध्येच एखादा हलका, वाईट बेतलेला कपडा हाती आला की तो बाजूला फेकून द्यायची. मी चांगल्याच कपड्यावर काम करणार, असं म्हणायची. नगावर मजुरी घेणाऱ्या विधवा बाईने एक नग बाजूला टाकणं म्हणजे त्या रात्रीच्या कमाईतले पैसे सोडणं. हलकी गाणी आपण का गात नाही हे सांगताना तो पुढे नेहमी आईचं हेच उदाहरण द्यायचा, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

मुलगा गाणारा आहे हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. १९३६ मध्ये न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल खुला झाला, तेव्हा महापौर ला ग्वार्डियांच्या शेजारी उभा राहून तो गायला होता. चित्रकलाही तितकीच आवडायची. त्यासाठी तो इंडस्ट्रियल आर्टच्या शाळेत गेला, पण घरी पैसे हवेत म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मग क्वीन्समधल्या इटालियन खाणावळींत ताटं वाढत गाणारा वेटर. नोव्हेंबर १९४४ मध्ये सैन्यात भरती झाली आणि १९४५ च्या सुरुवातीला तो जर्मनीत पायदळात आघाडीवर होता. डाखाऊच्या छळछावणीशी जोडलेली एक छावणी मुक्त करणाऱ्यांत त्याची तुकडी होती. युद्ध संपल्यावर मानहाइम शहरात त्याला शाळेतला एक कृष्णवर्णीय मित्र भेटला आणि तो त्याला जेवायला घेऊन गेला. तेव्हा अमेरिकन सैन्यात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसायचं नसे. एका अधिकाऱ्याने तिथल्या तिथे त्याच्या बाहीवरच्या हुद्द्याच्या पट्ट्या कापून काढल्या आणि त्याला मृत सैनिकांचे देह उकरून पुन्हा दफन करणाऱ्या विभागात पाठवलं. १९६५ मध्ये गायक हॅरी बेलाफॉन्टेच्या बोलावण्यावरून तो अलाबामात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्चात गेला आणि तिथे गायला, त्याचं मूळ इथे आहे.

आता तुमच्या कामाचा भाग. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करत होतं. त्या योजनेतून तो अमेरिकन थिएटर विंग या नाट्यसंस्थेत बेल कांतो शिकला. ही जुनी इटालियन गायनपद्धत. श्वासावर ताबा, घशावर ताण न देता स्वर मोकळा सोडणं, आणि खालच्या स्वरापासून वरच्यापर्यंत आवाजाचा पोत एकसारखा ठेवणं, हे तिचं सार. आपल्याकडे खर्जाचा रियाज आणि दमसास यांतून जे साधतो, त्याच्या फार जवळ जाणारं हे शिक्षण आहे. ते स्वरपलटे त्याने म्हातारपणापर्यंत सोडले नाहीत. आपल्या शिक्षकांचं म्हणणं तो सांगायचा: एक दिवस पलटे चुकले तर तुम्हाला कळतं, दुसऱ्या दिवशी साथीदारांना कळतं, तिसऱ्या दिवशी श्रोत्यांना.

त्याच काळात त्याला मिरियम स्पायर ही दुसरी गुरू भेटली. तिची शिकवणी ५२व्या रस्त्यावर, म्हणजे न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबांच्या गल्लीतच. तिने सांगितलं की गायकांची नक्कल करू नकोस, केलीस तर त्यांच्यातलाच एक होऊन राहशील, वादकांकडून शीक. त्याने पियानोवादक आर्ट टॅटम आणि सॅक्सोफोनवाला स्टॅन गेट्झ निवडले. आपल्याकडे सारंगी गळ्याच्या मागे जाते. याने गळा वाद्यामागे नेला. त्याचा परिणाम असा की फ्रँक सिनात्रा या गाजलेल्या गायकाच्या काळात वाढूनही तो सिनात्राची छाया झाला नाही. ओळ कुठे तोडायची, ठेक्याच्या किंचित मागे कुठे रेंगाळायचं, हे तो वादकासारखं ठरवतो. तुम्ही ज्या गायकाची गाणी गाता, त्याच्याच जागा हुबेहूब घेता असं लिहिलंय. एक महिना ती गाणी फक्त बासरीवर किंवा व्हायोलिनवर वाजवलेली ऐका. शब्द निघून गेले की सुरावटीत मोकळी जागा किती आहे ते ऐकू येतं.

ज्या प्रकारात तो गायला त्याला अमेरिकेत ट्रॅडिशनल पॉप म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेची संगीत नाटकं आणि जुने बोलपट यांतली गाणी: जॉर्ज गर्शविन, कोल पोर्टर, अर्व्हिंग बर्लिन, रिचर्ड रॉजर्स यांची. रॉक येण्यापूर्वीचा हा साठा. गीत नीट बांधलेलं, चाल शब्दांना धरून, आणि गायक मायक्रोफोनजवळ उभा राहून एकाच माणसाशी बोलल्यासारखा गातो. भावगीताचं आणि याचं नातं तुम्हाला न सांगता कळेल. १९२० च्या दशकाच्या मध्यात विजेचा मायक्रोफोन आला आणि बिंग क्रॉस्बीसारख्यांनी हळू आवाजात गाणं शक्य करून दाखवलं. बेनेटचं वेगळेपण असं की त्याच्याकडे मायक्रोफोनची जवळीकही होती आणि त्याच्याशिवाय सभागृह भरणारा आवाजही. मैफलीत एक गाणं तो मायक्रोफोन बाजूला ठेवून गायचा. हजारोंच्या सभागृहातही शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचायचे. तुम्ही महिन्यातून एकदा तरी मोठ्या खोलीत, माइकशिवाय, न ओरडता गाऊन बघा. माइकने लपवलेले दोष लगेच समोर येतात.

१९४९ मध्ये गायिका पर्ल बेलीने त्याला न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या आपल्या कार्यक्रमात घेतलं. तिथे विनोदी कलाकार बॉब होपने त्याला ऐकलं. तोवर तो जो बॅरी या नावाने गायचा. टोनी बेनेट हे नाव होपने दिलं. १९५० मध्ये कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीशी करार झाला आणि १९५१ मध्ये ‘बिकॉज ऑफ यू’ कित्येक आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पुढची दोन-तीन वर्षं यशाची. त्या यशाचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटत नाही, पण एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कंपनीचा निर्माता मिच मिलर याने त्याला हँक विल्यम्सचं ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ दिलं, तेव्हा बेनेट तयार नव्हता. हे गावाकडचं कंट्री गाणं, शहरी गायक ते कसं गाणार? मिलरने शब्दांकडे लक्ष दे म्हटलं. गाणं गायलं गेलं आणि तेही पहिल्या क्रमांकावर पोचलं. म्हणून ‘नको ते गाऊ नका’ याचा अर्थ अनोळखी प्रकार टाळा असा घेऊ नका. शब्द खरे असले आणि ते तुमच्या तोंडी शोभत असले तर गाणं कुठल्याही गावचं असो.

याच मिलरला खपणारी हलकी गाणी हवी असायची आणि बेनेटला जॅझ. तो भांडून आपली जागा मिळवत गेला. १९५७ मध्ये त्याने ‘द बीट ऑफ माय हार्ट’ हा तालवाद्यांवर बेतलेला अल्बम केला, त्यात आर्ट ब्लेकी आणि जो जोन्ससारखे ड्रमर होते. काउंट बेसीच्या वाद्यवृंदाबरोबर गायला. त्याच १९५७ मध्ये त्याला पियानोवादक राल्फ शॅरन मिळाला. मधली काही वर्षं सोडली तर ही साथ पुढे कित्येक दशकं टिकली. गायकाचं आयुष्य वाढवणारी गोष्ट कुठली असं विचाराल तर चांगला साथीदार, असं मी निःशंक सांगेन. तुमचा श्वास कधी संपणार हे ज्याला तुमच्या आधी कळतं, त्याच्यासोबत गाताना घसा आखडत नाही.

त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं शॅरनमुळेच मिळालं. जॉर्ज कोरी आणि डग्लस क्रॉस यांनी १९५३ च्या सुमारास लिहिलेल्या या गाण्याचा कागद शॅरनने कपड्यांच्या खणात टाकून ठेवला होता. दौऱ्याची बॅग भरताना शर्टांखाली तो सापडला. पुढचा मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोत होता म्हणून बरोबर घेतला. वाटेत आर्कान्सॉमधल्या हॉट स्प्रिंग्ज गावी दोघांनी ते वाजवून पाहिलं, तर बारमधला माणूस म्हणाला, याची तबकडी निघाली तर पहिली मी घेईन. डिसेंबर १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमॉन्ट हॉटेलात ते पहिल्यांदा गायलं गेलं, जानेवारी १९६२ मध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकलं गेलं, कारण कंपनीचा भर पहिल्या बाजूवरच्या गाण्यावर होता. ‘आय लेफ्ट माय हार्ट इन सॅन फ्रान्सिस्को’ बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत १९व्या क्रमांकाच्या वर कधी गेलं नाही. तरी त्याला रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं आणि ते पुढे साठ वर्षं त्याच्याकडून मागितलं गेलं. ते जवळून ऐका. सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी, आवाजाचं वजन राखून ठेवलेलं. पूर्ण आवाज तो शेवटाकडे लावतो आणि तोही स्वराला धक्का न देता. माझे विद्यार्थी हेच उलट करतात, मुखड्यातच सगळं देऊन टाकतात आणि दुसऱ्या अंतऱ्याला दम उरत नाही.

१९६५ मध्ये सिनात्राने लाइफ मासिकात या धंद्यातला सर्वांत चांगला गायक म्हणून बेनेटचं नाव घेतलं. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत बेनेटला काम मिळेनासं झालं. रॉकची लाट आली होती. कंपनीने धरलं की आजची गाणी गा. १९७० मध्ये ‘टोनी सिंग्ज द ग्रेट हिट्स ऑफ टुडे!’ हा अल्बम आला. ध्वनिमुद्रणाआधी त्याला अक्षरशः उलट्या झाल्या, असं त्यानेच सांगितलंय. ती गाणी वाईट नव्हती. ज्यांनी ती बांधली त्यांच्या तोंडी ती सुंदरच होती. पण त्याच्या श्वासाची लांबी, त्याचा ठहराव, त्याचं शब्द तोलणं, यांतलं काहीच त्यांत बसत नव्हतं. तुमच्या आयोजकांबद्दल वाचलं तेव्हा मला पहिला आठवला तो हाच अल्बम.

१९७२ मध्ये त्याने कोलंबिया सोडली. पुढे स्वतःची छोटी कंपनी काढली, ती १९७७ पर्यंतच चालली. बाजाराच्या हिशेबाने ही पडती वर्षं. पण माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं गाणं याच वर्षांत झालं. जून १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत तो पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर स्टुडिओत बसला. ड्रम नाही, बास नाही, वाद्यवृंद नाही. दोघंच. तिथे गायकाला लपायला जागाच उरत नाही. आवाज किंचित खरखरीत लागलेला ऐकू येतो, कुठे स्वर पातळ होतो, आणि तो तसाच राहू दिलाय. एव्हान्स ओळीच्या मधल्या जागा भरून टाकत नाही, म्हणून बेनेटला शब्दानंतर थांबता येतं. १९७७ मध्ये दोघांचा दुसरा अल्बम आला. १९८० मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, एव्हान्सने त्याला फोन केला आणि बाकी सगळं विसर, सत्य आणि सौंदर्य एवढ्याचाच विचार कर, असं सांगितलं. बेनेट ही गोष्ट शेवटपर्यंत सांगत राहिला.

१९७९ ला तो तळाला पोचला होता. ध्वनिमुद्रणाचा करार नाही, दुसरं लग्न मोडत आलेलं, करखातं घरावर जप्ती आणण्याच्या बेतात, आणि कोकेनचं व्यसन. एका रात्री न्हाणीघरात तो मरता मरता वाचला. मग त्याने मुलांना हाक मारली आणि मोठा मुलगा डॅनी याने व्यवस्थापन हाती घेतलं. खर्च कमी केला, वडिलांना न्यूयॉर्कला परत आणलं, राल्फ शॅरन पुन्हा पियानोवर आला. डॅनीने वडिलांचं गाणं तसंच ठेवलं आणि नवे श्रोते शोधले. तीच गाणी, तोच काळा सूट, तेच पियानो-बास-ड्रमचं त्रिकूट. जागा मात्र महाविद्यालयं आणि लहान नाट्यगृहं, जिथे पोरांनी हे गाणं कधी ऐकलंच नव्हतं. १९८६ मध्ये कोलंबियाने पुन्हा करार केला. १९९४ मध्ये तरुणांच्या एमटीव्ही वाहिनीवर ‘अनप्लग्ड’ या कार्यक्रमात तो गायला आणि पुढच्या वर्षी त्याच्या अल्बमला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. २०११ मध्ये ८५व्या वर्षी, आणि २०१४ मध्ये पॉप गायिका लेडी गागाबरोबर ८८व्या वर्षी, त्याचे अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आले. आयोजकांशी बोलताना हे उदाहरण जरूर द्या. आणि स्वतःही दोन-तीन महाविद्यालयांत विचारून बघा. फक्त हार्मोनियम आणि तबला, निवेदन नाही, चाळीस मिनिटं भावगीतं. मुलं ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

आता अल्झायमरबद्दल. निदान २०१६ मध्ये झालं आणि कुटुंबाने ते फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. तोवर तो कार्यक्रम करतच होता, आणि महासाथीत ते थांबल्यावरही घरी पियानोच्या साथीने आपला गाण्यांचा ठरलेला संच म्हणत राहिला. रोजच्या गोष्टी विसरणारा माणूस सूर सुरू झाला की गाणं न अडखळता म्हणायचा. त्याच्या मेंदूतज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं होतं की संगीत मेंदूच्या अनेक भागांत रुजलेलं असतं आणि या आजारात ते उशिरापर्यंत शाबूत राहू शकतं. ३ आणि ५ ऑगस्ट २०२१ ला तो लेडी गागाबरोबर रेडिओ सिटीत गायला. त्याने रंगमंचावर गागाचं नाव घेतलं. ते त्याच्या तोंडून किती दिवसांनी ऐकलं, हे गागाने नंतर भरल्या गळ्याने सांगितलं. २१ जुलै २०२३ ला, ९६व्या वर्षी तो गेला. घरात कुणाला हा आजार असेल तर गाण्याने तो बरा होईल अशी आशा यातून कृपा करून धरू नका. गाणारा माणूस आनंदात राहतो, एवढंच आणि तेही पुष्कळ आहे. गायकाने यातून घ्यायचं ते असं की त्याचा संच ठरलेला होता आणि शब्द अर्थासकट मुरलेले होते. मोबाइलवर शब्द बघून गाणाऱ्याचं गाणं इतकं खोल जात नाही. ही सवय तुम्ही आजच सोडा.

एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही: न गाताना तो काय करायचा? चित्रं काढायचा, बहुतेक रोज, आणि सही करायचा बेनेडेटो अशी. त्याने काढलेलं जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. गळ्याला खरी विश्रांती बोलणं बंद झाल्यावर मिळते, आणि चित्र काढणारा माणूस तासन् तास गप्प असतो. कार्यक्रमाच्या दिवशी फोनवर बोलत बसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगते.

तुमच्यासाठी सध्या एवढं करा. सकाळी वीस मिनिटं मंद्र आणि मध्य सप्तकात आकार, आवाज अर्धाच लावून. पन्नाशीनंतर पट्टी अर्ध्या-एका स्वराने उतरवावी लागली तर उतरवा. स्वरतंतूंची लवचीकता वयानुसार कमी होते आणि जुन्या पट्टीचा हट्ट धरला की मान आखडते. तुमच्या यादीतली गाणी गायच्या आधी नुसती वाचून दाखवा, घरातल्या कुणालातरी. जी वाचताना खोटी वाटतील ती काढून टाका. मग बेनेट ऐका, पण १९७५ च्या एव्हान्सच्या ध्वनिमुद्रणापासून सुरू करा, त्यानंतर १९६२ चं सॅन फ्रान्सिस्को आणि शेवटी २०२१ चं रेडिओ सिटी. तिन्हीकडे तो श्वास कुठे घेतो तिथे कागदावरच्या शब्दांत पेन्सिलने खूण करा आणि तशीच खूण तुमच्या एका भावगीतावर करा. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा गाणं कुठलं घेतलंत आणि सध्या कुठल्या पट्टीत गाता ते कळवा, म्हणजे रियाजाबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.